पन्नासाला दीड किलो

बोरीचं आमचं कापसाचं दुकान रिकामं करायला दोन दिवसांची रजा काढून गेले होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, जाऊन वर्ष होत आलेलं. कापसाची खरेदी तर त्याच्याही आधी सात-आठ वर्षांपासून बंद. पण शटर वर केलं आणि तोच वास आला. सरकीचा तेलकट, जरासा आंबूस वास, आणि त्याच्यामागून तागाच्या पोत्यांचा. एवढ्या वर्षांत हा वास कुठंतरी निघून जायला हवा होता. तो तसाच बसून राहिला होता. मी काही वेळ दारातच उभी राहिले.

भंगारवाल्याला मात्र घाई होती. त्यानं आकडे, साखळ्या, पोती शिवायचे दाभण, गंजलेली कपाटं सगळं टेंपोत टाकलं आणि शेवटी कोपऱ्यातल्या मोठ्या काट्याकडं वळला. खाली लोखंडी फळी, मागे छातीएवढा खांब, वर पितळी दांडी आणि दांडीवर सरकणारं वजन. त्यानं ते वजन काढून हातात घेतलं, उलटं केलं, नखानं खरवडलं आणि हसला.

"मॅडम, याच्या पोटात शिसं वतलंय बघा. जुन्या मान्सायचं डोकं लय चालायचं."

"असंल," मी म्हणाले.

असंल काय? मला ते चौदाव्या वर्षापासून माहीत होतं. शाळेत आरोग्य तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांच्या काट्यावर मी एकोणचाळीस किलो भरले होते. घरी येऊन आमच्या काट्यावर उभी राहिले, तर अडतीसही भरेना. एका दुपारात मी किलोभर वाळले कशी, म्हणून अण्णांना विचारलं. ते पान लावत होते. चुना लावायचा हात न थांबवता म्हणाले, "सगळ्याच काट्यायचं थोडं इकडं-तिकडं ऱ्हातं बाई. घरातलं घरात ऱ्हाऊ दे."

मी हुशार मुलगी होते. दोन-चार दिवस भरलेली घागर, पाट्याचा वरवंटा, मिठाची पिशवी असं काय काय त्या फळीवर ठेवून पाहिलं आणि हिशेब काढला. आमचा काटा पन्नासाला दीड किलो खायचा. गावात काटा मारणारे व्यापारी कोणते, यावर पारावर रोज चर्चा चालायची आणि त्यात अण्णांचं नाव कधीही यायचं नाही. अण्णा गोड बोलायचे, कापूस घेऊन आलेल्याला आधी पाणी आणि मग चहा द्यायचे. लोक सांगायचे, अण्णाच्या काट्यावर डोळे झाकून माल टाकावा. आणि लोक खरोखर डोळे झाकून टाकायचे.

तो काटा टेंपोत चढला, वर मेणकापड पडलं, टेंपो गेला. माझ्या मनात मात्र कापूस नव्हता. त्या लोखंडी फळीवर अनवाणी उभी राहिलेली गोदा होती.

आमच्या शाळेत ज्युडो आला तो बदली होऊन आलेल्या एका तरुण सरांबरोबर. तोवर मुलींचा खेळ म्हणजे खो-खो आणि लंगडी. सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर दोन माणसं काढली, एक उभा आणि एक आडवा, आणि म्हणाले, हे कोणाला शिकायचंय? हात वर करणाऱ्या आम्ही सहा मुली होतो. मॅट कुठली असायला? अण्णांनी वीसेक जुनी पोती दिली, सरांनी त्यात सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यातला कापसाचा कचरा भरून घेतला, वरून ताडपत्री ताणून बांधली. पावसाळ्यात त्या कचऱ्याला ओल लागायची आणि सगळ्या खोलीला कुबट वास यायचा. थंडीत ताडपत्री पाठीला अशी गार लागायची की पहिल्यांदा पडताना श्वास अडकायचा.

पहिले तीन महिने सरांनी नुसतं पडायला शिकवलं. हात आधी, पाठ नंतर, हनुवटी छातीला. सहा जणींचे बारा तळहात ताडपत्रीवर एकदम आपटले की पत्र्यावरची कबुतरं उडायची. हापशावर पाणी भरायला आलेल्या बाया खिडकीतून डोकावायच्या. "पोरी धपाधप पडायल्यात, हे कसलं शिक्षण बाई," म्हणायच्या आणि घागर भरून वाहिली तरी बघत उभ्या राहायच्या.

जाकिटं गावातल्या शिंप्यानं शिवली होती, गादीच्या जाड कापडाची. ती चारच होती. दोघी खेळून आल्या की त्यांची ओली जाकिटं पुढच्या दोघी अंगात घालायच्या. दुसरीच्या घामाचं गार जाकीट घालताना अंगावर काटा यायचा, आणि पाच मिनिटांत तो घाम आपलाच व्हायचा. माझ्या वाट्याला बहुतेक गोदाचं जाकीट यायचं. त्याला चुलीच्या धुराचा वास असायचा आणि खोबरेल तेलाचा, कारण तिची वेणी कमरेच्या खाली जायची आणि खेळताना गोदा ती जाकिटात खोचायची.

गोदा म्हणजे गोदावरी, बापूंची एकुलती एक मुलगी. वेशीजवळ त्यांचं घर, ओढ्याच्या पलीकडं चार एकर कोरडवाहू. दसरा-दिवाळीच्या मागेपुढे पहिली वेचणी झाली की शेतात दहीभाताचा नैवेद्य व्हायचा आणि बापू त्यातला घास केळीच्या पानात बांधून आमच्या घरी धाडायचे. वेचलेला कापूस पोत्यात दाबून पोतं पाठीवर घेऊन गोदाच यायची. वाकून, एक हात खांद्यावरून मागे टाकून, कंबर झटकली की पोतं बैलगाडीत. सरांनी जेव्हा खांद्यावरून फेकायचा डाव शिकवला, तेव्हा त्याचं जपानी नाव आमच्या जिभेवर काही बसेना. गोदा म्हणाली, "हे तर पोतं हाय." तेव्हापासून आमच्या शाळेत त्या डावाचं नाव पोतं. आणि ते पोतं बहुतेक वेळा मी असायचे.

मी दुसऱ्या नंबरची खेळाडू होते. हे विनयानं वगैरे सांगत नाही. माझे डाव स्वच्छ होते, पाठांतर पक्कं होतं, सगळे नियम तोंडपाठ. पण गोदानं कॉलर धरली की माझे पाय जमिनीवरून सुटलेच म्हणून समजा. आमचं दोघींचं वजन सारखं, गट एकच, चव्वेचाळीस किलोखालचा. जिल्ह्याला दोघींनी खेळायचं आणि पुढं विभागाला एकीनंच जायचं. ती एक कोण, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. मलाही माहीत होतं. ती मला पाडायची आणि हात देऊन उठवताना म्हणायची, "लागलं का गं?" त्या वेळी मला तिचा राग यायचा. आज तो राग आठवला तरी मान खाली जाते.

आम्ही दहावीत होतो त्या वर्षी जिल्हा स्पर्धा दिवाळीच्या जरा आधी आल्या. आठवडाभर आधी गोदाचं वजन सरांच्या छोट्या काट्यावर पंचेचाळीस भरलं. तेव्हापासून ती सकाळी अर्धी आणि संध्याकाळी अर्धी भाकरी खात होती. वर्गात तिच्या पोटाचा आवाज मला ऐकू यायचा आणि आम्ही दोघी तोंड दाबून हसायचो. त्याच आठवड्यात सरांच्या काट्यावर छत गळलं आणि तो बंद पडला. सर म्हणाले, "अण्णांच्या काट्यावर बघून घ्या. तो काय खोटं बोलणारंय?"

आदल्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही दुकानात गेलो. अण्णा जिनिंगला गेले होते. कापसाच्या ढिगावर तिरकं ऊन आलं होतं आणि त्या उन्हात बारीक तंतू तरंगत होते. गोदानं चप्पल काढली, ओढणी काढली, हातातल्या दोन काचेच्या बांगड्यासुद्धा काढल्या आणि फळीवर चढून श्वास रोखून उभी राहिली. वजन मी सरकवलं. माझ्याच हातानं. दांडी डोलली, डोलली आणि स्थिर झाली. बेचाळीस, आणि वर अर्धा.

गोदानं श्वास सोडला. "दीड किलो जागा हाय की गं," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं. मी विसरले होते असं स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं, पण ते काही जमलं नाही. माझं स्वतःचं वजन मी त्याच काट्यावर करायचे आणि दर वेळी मनातल्या मनात सव्वा किलो त्यात मिळवायचे. म्हणजे गोदा त्या क्षणी चव्वेचाळीसच्या काठावर होती. तिला एवढंच सांगायचं होतं, आज काही खाऊ नकोस. पण का, असं तिनं विचारलं असतं. आणि मग बापूंचा कापूस, ओढ्यापलीकडच्या सगळ्यांचा कापूस, पारावरचं अण्णांचं नाव. तेवढ्यात आतून आईनं हाक मारली, "पोरींनो, धपाटे गरम हायत."

अण्णांची अब्रू हे कारण खोटं नव्हतं. पण ते पुढं उभं होतं आणि त्याच्या पाठीमागे दुसरं काहीतरी लपलं होतं. मला विभागाला जायचं होतं.

गोदा आठ दिवसांची उपाशी होती. ती चुलीजवळ मांडी घालून बसली आणि धपाट्यावर लोण्याचा गोळा ठेवून, दह्यात बुडवून खायला लागली. आई तव्यावरून काढत होती, मी वाढत होते. तिसरं खाऊन ती थांबली आणि माझ्याकडं बघितलं. "घे की," मी म्हणाले. शेंगदाण्याची चटणी मी वाटी धरून तिच्या ताटात सारली. ती खाताना डोळे मिटून घ्यायची. सहा खाल्ले, वर तांब्याभर ताक प्याली, आणि आईला म्हणाली, "काकू, तुमच्या हाताला लय चव हाय."

सकाळच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून परभणी येईपर्यंत झोपली. मी खिडकीतून तुरीचे पट्टे बघत होते. माझा खांदा अवघडला, पण मी तो हलवला नाही. तेवढी माझी त्या दिवसाची भलाई.

स्टेडियमच्या एका खोलीत वजनं चालू होती. लाल आकड्यांचा काटा, टेबलामागे चष्मा लावलेल्या एक बाई. गोदा चढली आणि आकडे फिरून थांबले, चव्वेचाळीस पूर्णांक सहा. ती उतरली, परत चढली. तेच. सरांचा चेहराच उतरला. बाई म्हणाल्या, तासभर वेळ आहे, कमी होत असेल तर करा. फॉर्मवर भरलेला गट बदलत नाही.

तिला आम्ही मिळतील तेवढे स्वेटर घातले, वरून सरांचा रेनकोट, आणि ती मैदानाला चकरा मारू लागली. मी बरोबर पळत होते. सरांनी कुठून तरी चिंच आणली. ती तोंडात धरायची, पाणी सुटलं की थुंकायचं, परत धरायची. ऑक्टोबरचं ऊन, रेनकोटच्या रबराचा वास, तिच्या ओठांच्या कोपऱ्यात सुकलेली थुंकी. अकराव्या का बाराव्या चकरेला ती म्हणाली, "एवढं कसं भरलं गं? जागा तर दीड किलो होती." मला धाप लागली होती म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.

तास संपायला दहा मिनिटं राहिली तेव्हा काटा चव्वेचाळीस पूर्णांक दोनवर होता. गोदानं खोलीतल्या पेटीतली पट्ट्या कापायची कात्री उचलली, माझ्या हातात दिली आणि पाठ केली. "काप," म्हणाली.

ती बोथट कात्री त्या वेणीतून जाईना. थोडी थोडी करत, पेडामागून पेड, मला ती कापावी लागली. केस तुटताना होणारा करकर आवाज माझ्या बोटांना अजून जाणवतो. गोदा एकदाही हलली नाही. वेणी माझ्या हातात आली तेव्हा मला वाटलं होतं त्यापेक्षा ती खूप हलकी होती. गोदा परत काट्यावर चढली. चव्वेचाळीस पूर्णांक एक.

बाईंनी तिच्या नावावर रेघ मारली आणि पुढचं नाव पुकारलं. ते माझं होतं. मी त्रेचाळीस पूर्णांक सातवर बसले.

त्या दिवशी मी तीन कुस्त्या जिंकले. शेवटच्या कुस्तीत समोरची मुलगी दमलेली होती, मी वाकले, हात खांद्यावरून मागे टाकला, कंबर झटकली. पोतं. पंचांचा हात वर गेला. पायऱ्यांवर डोक्यावरून ओढणी घट्ट लपेटून बसलेली गोदा उभी राहून माझ्या नावानं ओरडत होती, तिचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू येत होता. परतीच्या बसमध्ये तिनं ओढणी पुन्हा घट्ट केली. मग म्हणाली, "मीच खादाड हाय. धपाटे दिसले आन् राहवलं न्हाई. सरायला तोंड कसं दावू?"

"असू दे," मी म्हणाले. जणू काही मी तिला माफ करत होते.

तिथून पुढं माझी ती काय कारकीर्द. विभागाला पहिली, राज्याला कांस्य, पुढच्या वर्षी रौप्य, कॉलेजात असताना दोनदा राष्ट्रीय. परक्या शहरांतल्या शाळांच्या वर्गखोल्यांत सतरंज्यांवर झोपणं, बादलीभर गरम पाण्यासाठी रांगा, गुडघ्याला लावलेल्या मलमाचा झोंबरा वास, पदक मिळालं की सगळ्यांत आधी ते दातांनी चावून बघणाऱ्या मैत्रिणी. हे सगळं मला आवडायचं, आणि प्रत्येक स्पर्धेची सकाळ मला नकोशी असायची. काट्यावर चढले की मी डोळे मिटायचे. इतर मुलींना वाटायचं, ही देवाचं नाव घेते.

पहिलं राज्याचं पदक घेऊन आले तेव्हा गावानं वाजतगाजत नेलं. बापू गुलाल आणि नारळ घेऊन आले होते. त्यांनी माझ्या कपाळाला गुलाल लावला, डोक्यावर हात ठेवला. "गोदीचं नशीब न्हवतं माय," म्हणाले. "आता दोघीचं बी तूच खेळ." मी वाकून त्यांच्या पाया पडले. वाकले ते बरं झालं, चेहरा दिसला नाही. त्याच आठवड्यात त्यांचा कापूस आमच्या दुकानात आला आणि अण्णांनी त्यांना चहा पाजला. मी पलीकडच्या खोलीत अभ्यासाचं पुस्तक उघडून बसले होते, दांडीचा खट्ट आवाज मोजत.

गोदा त्यानंतर मॅटवर आली नाही. केस खांद्यापर्यंत यायला दोन वर्षं लागली. तोवर ती डोक्यावरची ओढणी काढायची नाही आणि गल्लीतली पोरं तिला काय म्हणायची ते मी इथं लिहीत नाही. बारावीनंतर तिचं लग्न पिंगळीला झालं. माझा गुडघा गेला आणि खेळ सुटला, पण तोवर प्रमाणपत्रांची जाड फाइल झाली होती. त्या फाइलीच्या जोरावर खेळाडूंच्या राखीव जागेतून मला परभणीत सरकारी नोकरी लागली. ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक जण एकदा तरी म्हणतो, मॅडमशी भांडू नका, आडवं करतील. मी हसते. पंधरा वर्षं हसतेय.

परभणीहून पिंगळी म्हणजे रेल्वेनं एक डुलकीसुद्धा होत नाही. लग्नानंतर मी तिच्या घरी एकदाही गेले नव्हते. ती बाजाराला आली की भेटायची, हात धरून रस्त्याच्या कडेला उभी करायची आणि बरोबरच्या बाईला सांगायची, "ही माझी मैतरीण, राष्ट्रीयला खेळलीय." मी घाईत असल्याचं दाखवून सटकायचे.

बोरीहून परत आले त्याच्या पुढच्या रविवारी मी पिंगळीला गेले. काटा आता कुठं वितळत असेल, पुरावा म्हणाल तर काही उरला नव्हता. न सांगता उरलेलं आयुष्य सहज काढता आलं असतं. पण भंगारवाल्याचं ते हसणं काही केल्या जाईना. ज्याला काही देणंघेणं नाही अशा माणसाला ते दहा सेकंदांत कळलं होतं.

गोदा चुलीवर भाकरी थापत होती. घरधनी शेतावर गेला होता. मला बघून पिठाच्या हातांनीच उठली. "कवा आलीस? फोन तरी करायचा," म्हणाली आणि पाट सरकवला. केसांची आता छान वेणी होती, कानाजवळ पांढरी. भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या खाली प्लास्टिकच्या कागदात घालून वर्तमानपत्राचं एक कात्रण चिकटवलेलं होतं. त्यात मी होते, गळ्यात पदक, कपाळावर गुलाल. ते पाहिलं आणि मला परत स्टेशनकडं पळावंसं वाटलं.

"जेवायलाच बस आता," ती म्हणाली. "माझी पंचाईत न्हाई. माझ्या दोनच भाकरी ऱ्हातात."

"दोनच?"

"तवापासून." ती हसली. "त्या धपाट्यानं अशी अद्दल घडली, की पोटभर मनून कुठं जेवलेच न्हाई. दोन झाल्या की हात धुते. सासू सगळ्यायला सांगायची, चांगल्या वळणाची सून भेटली, हावरी न्हाई."

मी तिथंच सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत, अण्णांचं शिसं, पन्नासाला दीड किलो, मला माहीत होतं, मी मनात मिळवायचे, मी तोंड उघडून मिटलं, मी चटणीची वाटी सारली, सगळं सांगितलं. विभागाला जायचं होतं, हेही. ती भाकरी थापायची थांबली नाही. तव्यावरची भाजली, काढली, दुसरी टाकली. मी बोलायचं थांबल्यावर जाळ मागे ओढला.

"मंजे काट्यावर दीड किलो जागा दिसली, ती नव्हतीच?"

"नव्हती."

"आन् मी काय दीड किलो खाल्लं न्हाई."

"नाही. त्याच्यापेक्षा पुष्कळ कमी."

"तेच म्हनायली मी. एवढं कसं भरलं." ती स्वतःशीच बोलत होती. "मंजे माझं चुकलं न्हवतं."

"नाही गोदा."

ती उठली, हात धुतले, एक ताट घेतलं. त्यात वरण ओतलं, भाकरी घेतली आणि माझ्यासमोर बसून जेवायला लागली. मला ये म्हणाली नाही. एक भाकरी संपली, दुसरी संपली. तिसरी घेताना तिचा हात टोपल्यावर जरासा थांबला आणि मग तिनं ती उचलली. चौथीही खाल्ली, सावकाश, एकेक घास नीट चावून, डोळे मिटून. तिच्या गालावरून पाणी येत होतं आणि ते ती पुसत नव्हती. मी पाटावर बसून बघत होते. जन्मात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि उठून जावं असंही वाटत नव्हतं.

तिनं ताटात हात धुतला. मग पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"केसाचं काय, केस आले," ती म्हणाली. "खेळायचं बी ऱ्हाऊ दे. पन बापूचा कापूस त्याच काट्यावर जायचा."

"हो."

"दर साली."

"हो."

"ते मला कामून सांगायलीस? ते त्यायला सांग." तिनं मागच्या दाराकडं हात केला. "माय गेल्यापासून बापू हितंच हायत. परसात बसलेत लिंबाखाली. त्यायला कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोल."

बापू बाजेवर बसून दोरी वळत होते. खूप वाळले होते, पण मला लगेच ओळखलं. "आलीस का माय," म्हणाले आणि बाजेवर जागा करून दिली. परसाला भिंत नव्हती, काट्यांचं कुंपण होतं. पलीकडच्या अंगणात तीन-चार बाया शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांच्या गप्पा इकडं ऐकू येत होत्या. मी बसले नाही. त्यांच्यापुढं उभी राहून सांगायला लागले, तर आवाज त्यांच्यापर्यंत पोचला नाही. बापूंनी कानामागे हात धरला.

"काय म्हनायलीस? मोठ्यानं बोल की."

मागच्या दारात गोदा उभी होती. मी मोठ्यानं सांगितलं, "बापू, आमचा काटा खोटा होता. मला माहीत होतं."

कुंपणापलीकडचे शेंगा फोडायचे आवाज थांबले. बापूंच्या हातातली दोरीही थांबली. त्यांनी मान वर केली. ऐकू आलं की नाही ते मला कळेना.

"अजून एकदा सांग," ते म्हणाले. या वेळी माय म्हणाले नाहीत.

मी अजून एकदा सांगितलं.